अर्ध्या वाटेवरची कपार

नव्या इमारतीच्या जिन्यावर, दुसरा मजला संपून तिसरा सुरू होतो तिथे, मेधिनचे पाय थांबले. तिनं थांबवले नव्हते. जिना लोखंडी होता, बाहेरच्या भिंतीला जोडलेला, आणि त्याच्या पायऱ्या म्हणजे नुसत्या जाळ्या होत्या. त्यांतून खालचं अंगण दिसत होतं. अंगणातला नळ, नळाभोवतीचा चिखल, चिखलात उमटलेले मुलींचे पाय. हातात लोहचुंबकांची पेटी होती. आज सातवीच्या वर्गात लोखंडाचा कीस कागदावर कसा रांगा धरतो ते दाखवायचं होतं. तिनं उजव्या पायाला मनातल्या मनात सांगितलं, उचल. पाय जागचा हलला नाही. मग तिच्या लक्षात आलं, की बुटांच्या आत पायांची बोटं वळली आहेत, जाळीला धरून ठेवायला बघताहेत, जणू बूट नाहीतच. तिला घाम फुटला होता, तोंड कोरडं पडलं होतं, पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या क्षणी, तिला नवल वाटलं होतं. हे पाय कोणाचे? मागे मुली साचायला लागल्या. कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्या हसणारीला गप्प केलं. शेवटी हरेगूनं वरून येऊन पेटी काढून घेतली, तिला पायरीवर बसवलं आणि बसल्या बसल्या, एकेक पायरी सरकवत, लहान मुलासारखं खाली आणलं.

हरेगू गणित शिकवायची. वयानं बरीच लहान, वर्षाच्या आतलं मूल घरी ठेवून यायची आणि मधल्या सुट्टीत त्याला पाजायला धापा टाकत पळायची. शिक्षकांच्या खोलीत तिनं मेधिनला पाणी दिलं आणि समोर बसून खुशाल थट्टा सुरू केली.

"मेधिनताई, तुम्ही गेराल्ताच्या ना? कड्याखालच्या?"

"हो."

"आणि जिन्याला भिता? तुमच्या गावच्या शेळ्यांच्या कानावर गेलं तर तोंड दाखवायला जागा नाही उरायची."

"आईवर गेले आहे," मेधिन म्हणाली. तिनं मग ती गोष्ट सांगितली, नेहमी सांगायची तशीच, स्वतःवर हसायला सोपी म्हणून. देब्रे हादराचं चर्च कड्याच्या पोटात कोरलेलं. वर जायला वाट नाही, जिना नाही, शिडी नाही. अनवाणी पायांनी खडकातल्या खोबणी चाचपत चढायचं. गावातल्या मुलांचा बाप्तिस्मा तिथंच. मेधिनलाही न्यायचं ठरलं. तिची आत्या, झाफू, धर्ममाता होणार होती. तिनं बाळ पाठीला बांधलं आणि घोरपडीसारखी वर गेली. आई मागून निघाली खरी, पण अर्ध्या वाटेवर एक कपार आहे तिथं पोचल्यावर तिचे हातपाय गळाले. ती तिथंच भिंतीला चिकटून बसली. प्रार्थना आटोपून आत्या परत आली तेव्हा एका अंगाला बाळ आणि एका हाताला भावजय, असं दोघींना घेऊन ती उतरली.

हरेगू पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली. कपाळावर आठी घालून तिनं हिशेब जुळत नसल्यासारखं तोंड केलं.

"पण ताई, वरची प्रार्थना तर उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत चालते."

"चालते."

"आणि तुम्ही अंगावर पिणारं बाळ. आई कपारीत." तिनं नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता, मधल्या सुट्टीची घंटा व्हायला आली होती. "मग तुम्हाला वर दूध कोणी पाजलं?"

मेधिननं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. त्या दिवशी सातवीचा तास खालच्या मजल्यावर झाला. कागदाखाली चुंबक फिरवताना कीस उभा राहत होता, वळत होता, न दिसणाऱ्या रेषा धरून बसत होता, मुली 'अय्या' म्हणत होत्या आणि तिच्या डोक्यात तेच एक वाक्य बारीक कण कण होऊन रांगा बदलत होतं. दूध कोणी पाजलं. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, सांगितली. गावात कुठलंही लग्न असो, घरगुती दारूची, सुव्याची घागर अर्धी झाली की कुणीतरी उठायचं आणि आईची नक्कल करायचं. भिंतीला पाठ, हात फाकलेले, डोळे गच्च मिटलेले. लोक लोळायचे. आईही अंगावरच्या पांढऱ्या नेतेल्याचा पदर तोंडाला लावून हसायची. आत्या मात्र कधी हसली नाही. आत्याला लग्नात बसलेलीच फारशी पाहिल्याचं मेधिनला आठवेना. आई एका दारानं आली की आत्या दुसऱ्या दारानं काहीतरी काम काढून जायची. भांडण नव्हतं. भांडण असतं तर कुणीतरी मिटवलं असतं.

मेकेले शहरातलं मेधिनचं घर बैठं होतं, आणि ते तसं घेतलं ते आईसाठीच. वडील गेल्यावर आई इथं राहायला आली ती पहिल्या दिवसापासून जमीन धरूनच राहिली. स्टुलावर चढायची नाही. दिवा गेला तर शेजारच्या बाईला हाक मारायची. रुग्णालयात वरच्या मजल्यावरचा डॉक्टर तिला बघायला खाली यायचा. एकदा मेधिननं तिला मैत्रिणीच्या गच्चीवर कॉफी प्यायला नेलं होतं. तिथं आई जिन्याच्या तोंडाशीच बसली, शहराकडे पाठ करून. भित्री, असं सगळे म्हणायचे. आईही म्हणायची, मी भित्री आहे बाई. पण आज मेधिनला वाटलं, आपण कधी आईला काही घाबरताना पाहिलंय का? तरसाच्या ओरडण्याला ती घाबरत नव्हती. वडिलांच्या रागाला नाही. साप निघाला तेव्हा तिनंच तो काठीनं उचलून कुंपणापलीकडे टाकला होता.

संध्याकाळी आई अंगणात सूप घेऊन मसूर पाखडत होती. मेधिन शेजारी बसली. बराच वेळ दोघी खडे वेचत राहिल्या.

"आई, माझ्या बाप्तिस्म्याला तू किती वर गेली होतीस?"

"तुला ठाऊक नाही होय? सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"तू सांग ना."

"कपारीपर्यंत. पुढं झाफू."

"मग मी दिवसभर उपाशी होते?"

सूप क्षणभर थांबलं. पुन्हा चालू झालं. "बाळं झोपतात," आई म्हणाली. "तू झोपाळूच होतीस. अजून आहेस. उद्या शाळा आहे ना तुला? ऊठ, पीठ बघ आंबलंय का."

त्या उत्तरात खोटं काय होतं ते मेधिनला सांगता आलं नसतं. पण त्या थांबलेल्या सुपाचा आवाज तिच्या कानात राहिला. आवाज थांबल्याचा आवाज. पुढं मेस्केलच्या सणाची सुट्टी लागली. आईला हरेगूच्या सोबतीवर सोपवून ती हाउझेनच्या गाडीत बसली. गावाकडं जाते एवढंच तिनं सांगितलं. आईनंही कोणाकडे म्हणून विचारलं नाही, फक्त आत्याला आवडते तशी जाड हिंबाशा रोटी भाजून फडक्यात बांधून दिली. नाव न घेता. गाडीत ते फडकं मांडीवर गरम लागत होतं. पाऊस नुकताच सरला होता, रानभर पिवळी फुलं मोकाट सुटली होती आणि त्यांच्या पलीकडे तांबडे कडे सरळ उभे होते. लहानपणी ह्या कड्यांकडे तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. ते घराच्या भिंतीसारखे होते, असायचेच. आता विज्ञानाची बाई म्हणून तिला कळत होतं, की ही वाळू कधीकाळी पाण्याखाली थरांवर थर बसलेली. त्यात कुणीतरी जुन्या काळी छिन्नी घेऊन शिरलं. बाकी इमारती दगडावर दगड ठेवून होतात. इथं आधी सगळा दगडच होता, आणि खांब, कमानी, घुमट हे त्याच्यातून बाकीचं काढून टाकून उरलेले. काढलेला दगड कुठं गेला असेल, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला.

आत्याचं घर कड्याच्या अगदी पायथ्याशी, निवडुंगाच्या कुंपणात. झाफू आता वाकली होती, तरी उंचीचा दरारा होता. तरुणपणी मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकली, ती माहेरी आली, आणि भाऊ आजारी पडला त्या साली तिनं बाईमाणूस असून नांगर हाती धरला, त्यावर गाव अजून बोलत होतं. ही बाई कशालाच भीत नाही, असं म्हणताना लोक आवाज जरा खाली आणायचे. देब्रे हादराला मूल न्यायचं असलं की नवख्या आया तिच्याकडं यायच्या, तुम्ही न्या म्हणायच्या. ती कधीच गेली नाही. गुडघा दुखतो, म्हणायची. तिशीतही तिचा गुडघाच दुखत होता.

"कोण मेलं आहे?" दारात मेधिनला बघून तिनं पहिलं हेच विचारलं.

"कुणी नाही, आत्या. भेटायला आले."

"भेटायला कोण येतं? ये. बारीक झालीस. शाळेत काय गवत खाता?" फडकं सोडून तिनं रोटी पाहिली. बोटानं तिच्यावरची नक्षी चाचपली. ती कोणाच्या हातची हे तिला कळलं होतं, आणि तिनंही नाव घेतलं नाही.

कॉफी भाजायला घेतली. तव्यावरच्या दाण्यांचा धूर तिनं रीतीप्रमाणे हातानं मेधिनकडे लोटला. मेधिननं तो नाकात भरून घेतला आणि वाटेत जुळवलेली सगळी प्रस्तावना विसरून सरळ विचारलं, "आत्या, त्या दिवशी वर मला दूध कोणी पाजलं?"

झाफूचा हात तव्यावर तसाच राहिला. दाणे काळे पडत गेले, तडकायला लागले, घरभर जळकट वास झाला तरी ती ढवळेना. शेवटी मेधिननंच तवा उतरवला.

"सगळं गाव बायकांनी भरलेलं," आत्या म्हणाली, "दहा-दहा पोरं पाजलेल्या बायका. एकीला हे विचारायचं सुचलं नाही. मला मूल नाही, तरी मला रोज सुचायचं. आज विचारतील, उद्या विचारतील." ती हसल्यासारखी झाली. "तुला कसं सुचलं? तू तर बिनलग्नाची."

"मला नाही. शाळेतल्या एकीला."

"तिला म्हणावं, फार उशीर केलास."

मग तिनं सांगितलं. सांगताना ती मेधिनकडे बघत नव्हती, दाराच्या चौकटीतून दिसणाऱ्या कड्याच्या तुकड्याकडे बघत होती. पुरुषमाणसं पहाटेच पुढं गेली होती. मागून झाफू, पाठीला बाळ. आणि तिच्या मागं आई. पहिली भिंत झाफू खरंच घोरपडीसारखी चढली, खाली उभ्या बायकांना दिसावं म्हणून जरा जास्तच झरझर. कपारीच्या जरा खाली वळण आहे, त्याच्या वरचं खालच्या कुणाला दिसत नाही. कपारीत पोचल्यावर तिनं शेवटच्या सरळ भिंतीकडे पाहिलं आणि तिचे पाय तिचे राहिले नाहीत. "राग येत नव्हता, भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. कुणी तरी माझ्यातनं मलाच काढून घेतलं होतं, बघ. आणि तू पाठीवर किंचाळत होतीस. तुझी आई आली. तिला वाटलं मी दम खाते आहे. माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं. गाठ सोडली, तुला स्वतःच्या पाठीला बांधलं आणि गेली वर. आपण परसात जातो तशी."

"आणि तू?"

"मी भिंतीला पाठ लावून, हात फाकून. लग्नात करतात ना नक्कल? हुबेहूब करतात. न बघता कशी जमते कोण जाणे."

वर एक म्हातारी जोगीण राहायची, तिनं झाफूच्या ऐवजी बाळाला पाण्यातून काढलं. वडिलांना आणि पाद्रीबुवांना आईनं काय सांगितलं ते सांगितलं. ती माणसं खाली कधी बोलली नाहीत, आणि आता कुणी उरली नाहीत. दुपारी आई परत कपारीत उतरली, आणि तिनं बाळ पुन्हा झाफूच्या पाठीला बांधलं.

"मी म्हटलं, वहिनी, हे काय करतेस? म्हणाली, गप उतर. आणि माझ्या खाली राहून माझं एकेक पाऊल हातात धरून तिनं खोबणीत ठेवलं. वळणाशी आलो तशी मला पुढं घातली आणि आपण मागं राहिली, थरथरल्याचं सोंग करत. खाली बायकांनी बघितलं ते तेवढंच." झाफूनं गार तवा पुन्हा चुलीवर ठेवला, त्यात दाणेच नव्हते. "नवऱ्यानं टाकलेली, पोटी मूल नसलेली बाई होते मी. ह्या गावात माझं एवढंच होतं, की झाफू भीत नाही. तेही त्या दिवशी गेलं असतं तर मी कुठं गेले असते? तिला ते कळलं. माझ्या आधी कळलं. मी मागितलं नव्हतं गं. तिनं दिलं. आणि मग आयुष्यभर रोज सकाळी विहिरीवर त्या बाईच्या डोळ्यांत कुणी बघावं? मला नाही जमलं."

बाहेर पोरं मेस्केलच्या होळीसाठी काटक्या ओढत होती. मेधिनला वाटलं, आता आपल्याला रडू यावं किंवा राग यावा. तसलं काही आलं नाही. आलं ते विलक्षण कुतूहल, अंगावर काटा आणणारं. तिनं ज्या बाईला इतकी वर्षं भित्री म्हणून हाताला धरून रस्ता ओलांडवला ती आत कोण होती? आणि जिन्यावर आपले पाय थांबले ते मग कोणावर गेले?

सकाळी आत्या तिच्याबरोबर कड्याच्या पायाशी आली आणि तिथंच दगडावर बसली. "गुडघा दुखतो," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मेधिननं बूट काढले. खडक रात्रीचा गारवा धरून होता. खोबणी खूप जुन्या, शतकांच्या टाचांनी आणि अंगठ्यांनी गुळगुळीत केलेल्या. हात चाचपत गेला की कुणीतरी आधीच तिथं हात ठेवून गेलेलं असायचं. भीती होतीच. पण आज ती भीतीकडे बघत होती. ती नेमकी कुठून निघते, गुडघ्यातून की पोटातून? श्वास सोडताना कमी होते का? एखाद्या अनोळखी जनावराच्या मागून चालावं तशी ती आपल्याच भीतीच्या मागून चढत राहिली आणि कपारीत पोचली.

कपार म्हणजे दोन माणसं अंग चोरून बसतील एवढी जागा. वर शेवटची भिंत सरळ उभी होती, आणि तिच्या माथ्याला काळं, चौकोनी, माणसाला वाकून शिरावं लागेल असं दार. आतून धुपाचा वास खाली येत होता, कुणीतरी एकसुरी काहीतरी म्हणत होतं. मेधिननं पहिल्या खोबणीत पाय घातला. पाय बरोबर बसला. तिनं वजन टाकून पाहिलं, मग काढून घेतलं. वर गेलं नाही तर चालेल असं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही. इथं एक बाई बसून राहिली, एक बाई वर गेली. तिसऱ्या बाईनं येऊन नुसतं बघून जायला काय हरकत आहे? ती ऊन येईपर्यंत तिथं बसली. कुणी तिला उतरवायला आलं नाही. एकटी उतरली, वेळ लावून, तोंड खडकाकडे करून.

निघताना आत्यानं रिकाम्या फडक्यात कुंपणाच्या निवडुंगाची, बेलेसची फळं बांधून दिली, काटे घासून काढलेली. "कोणासाठी ते सांगायला नको," एवढंच म्हणाली.

आईनं फडकं सोडलं, फळं मोजल्यासारखी एकेक हातात घेतली, आणि चाकू आणायला उठली. परत येऊन बसली तेव्हा म्हणाली, "बोलली तर."

"बोलली."

"मूर्ख आहे. एवढी वर्षं तोंड सांभाळलं, आता म्हातारपणी सुटलं. रडली?"

"नाही. कॉफी जाळली."

"ती नेहमीच जाळते." आई फळाला चीर पाडून साल दोन्हीकडं उलगडत होती. मेधिन तिचे हात बघत होती. बुटके, जाड बोटांचे हात. ह्या हातांनी मला त्या भिंतीवरून नेलं. आणि मग ह्याच हातांनी दिवा बदलायला शेजारणीला बोलावलं.

"आई, तू भीत नव्हतीस तर मग नंतर का? स्टूल, गच्ची, डॉक्टर. गावापुढं सोंग केलंस ते कळलं. माझ्यापुढं कशाला? इथं तर कुणी बघायला नव्हतं."

आईनं सोललेलं फळ तिच्यापुढं केलं. मेधिननं घेतलं नाही. मग आईनं ते स्वतःच खाल्लं, सावकाश, बिया न थुंकता.

"सोंग नव्हतं ते," ती म्हणाली. "वर गेल्यावर तुला पाजलं आणि जोगिणीच्या हातात दिलं. आत गर्दी, धूर, पुरुषांचं म्हणणं चाललेलं. मी बाहेर आले. पलीकडच्या अंगाला कडेकडेनं एक वाट आहे, पाऊलभर रुंद. तिथं जाऊन उभी राहिले. खाली काहीच नाही. आमचं घर कुठलं तेही कळेना. मला वाटलं होतं, घेरी येईल. घेरी नाही आली गं. इतकं बरं वाटलं. सासू नाही, चूल नाही, झाफू नाही, तुझे वडील नाहीत. मीसुद्धा नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे. मग आतून रडणं ऐकू आलं, आणि मला वाटलं," तिनं जरा थांबून मेधिनकडे पाहिलं, हे बोलावं की बोलू नये असं, "मला वाटलं, कुणाचं तरी मूल रडतंय. त्याच्या आईनं घ्यावं त्याला. असं वाटून मी तशीच उभी राहिले. शेवटी जोगीण तुला घेऊन आली आणि म्हणाली, अगं, हे तुझं आहे."

अंगणाबाहेरून कुणी गाढव हाकत गेलं. त्याच्या टापा रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू आल्या.

"पडायची भीती मला कधीच नव्हती," आई म्हणाली. "पुन्हा तसं उभं राहिलं, तर उतरायचं आठवेल का, ती भीती. म्हणून जमीन सोडत नाही. तू लहान होतीस तोवर ठीक होतं. नंतर सवय पडली."

ते मूल आपण होतो, हे मेधिनला कळत होतं. ते दुखायला हवं होतं आणि थोडं दुखलंही, कुठंतरी खोल, जुन्या ठेचेसारखं. पण समोर बसलेली ही बाई तिला आजवर कधी भेटली नव्हती, आणि ती पुन्हा गप्प होण्याआधी तिला विचारून घ्यायला हवं होतं.

"कसं दिसत होतं तिथून?"

आईनं चाकू खाली ठेवला. हात नेतेल्याला पुसले. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. तिचे डोळे अंगणाच्या भिंतीवरून वर गेले, शेजारच्या पत्र्यावरून आणखी वर.

"एक घार होती," ती म्हणाली. "माझ्या खाली उडत होती. नेहमी आपण तिचं पोट बघतो ना? मला तिची पाठ दिसत होती. ऊन पडलं होतं तिच्यावर." तिनं तळहात पालथा धरला, तो हवेत जरासा कलला, वळला. "तू कधी घारीची पाठ पाहिली आहेस?"

मेधिननं पाहिली नव्हती.